‘करून’, ‘करू ना’ की ‘करू नका’? गावच्या गटातल्या एका संदेशाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातलं कापूस, सोयाबीन आणि तुरीचं गाव. काळी जमीन, बहुतेक कोरडवाहू. गावाचं नाव दिलेलं नाही, कारण हे एका गावाचं नाहीच. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या गावगटांत जे वारंवार घडतं, ते एका प्रसंगात ओवून मांडलं आहे. माणसंही तशीच: ओळखीची वाटतील, पण कुणी एक नव्हेत.

गावाचा व्हॉट्सॲप गट आहे. त्यात शेतकरी आहेत, बचत गटांच्या बाया आहेत, निवृत्त गुरुजी, कृषी केंद्रवाला, पाण्याच्या टाकीवरचा माणूस आणि बापाच्या फोनवरून लिहिणारी पोरं. ही शेवटची मंडळी सगळ्यात महत्त्वाची. गटात नाव बापाचं दिसतं, टाइप करतो अकरावीतला मुलगा. वाचणाऱ्याला वाटतं, जाणत्या माणसानं सांगितलं.

ऑगस्टची सुरुवात, पराटी (कपाशी) गुडघ्याच्या वर, पानांवर तुडतुडे आणि मावा. हवामान खात्याचा जिल्ह्यासाठीचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. त्या शुक्रवारच्या पत्रकात पुढचे दोन दिवस पाऊस सांगितला होता आणि फवारणीची कामं पुढे ढकलायला सांगितली होती. दोन पानांचं पीडीएफ, नेटक्या प्रमाण मराठीत, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. ते गटात आलंही होतं, पण उघडलं अगदी थोड्यांनी. मुलानं ते वाचलं आणि बापाच्या सांगण्यावरून त्याचं सार रोमन अक्षरांत लिहून टाकलं.

ती रोमन अक्षरं उच्चारून लिहायची तर अशी. ‘यू-डी-वाय-ए’ म्हणजे उद्या. ‘एफ-व्ही-आर-एन-आय’ म्हणजे फवारणी. मग ‘के-आर-यू’. मग मोकळी जागा आणि एकटाच ‘एन’. शेवटी ‘पी-ए-यू-एस’ आणि ‘वाय-एन-आर’, म्हणजे पाऊस येणार. विरामचिन्ह एकही नाही.

सगळा घोटाळा त्या एकट्या ‘एन’मध्ये आहे. मुलाच्या डोक्यात तो ‘नका’ होता: फवारणी करू नका, पाऊस येणार. पण मधली मोकळी जागा नजरेआड केली की तेच ‘करून’ होतं, आणि ‘फवारणी करून, पाऊस येणार’ म्हणजे घ्या करून, पाऊस यायच्या आत. तिसरं वाचन ‘करू ना’: उद्या करू ना फवारणी. चौथं ‘करू न’, यातला न म्हणजे अन्: फवारणी करू अन् पाऊस येणार. व्याकरणानं चारही बसतात. एकातही कुणाला ओढूनताणून अर्थ लावावा लागत नाही, म्हणून तर वाचणारा थांबून विचारत नाही.

दुसरं वाचन वेडेपणाचं वाटेल, पण काळ्या मातीत ते फार सहज सुचतं. एकदा झड लागली की चार-सहा दिवस वावरात पाय टाकता येत नाही. चिखलात पाठीवर पंप घेऊन कोण चालणार? म्हणून पावसाच्या आधी कामं उरकून घेण्याची घाई कायमच असते. खत टाकायचं, डवरणी (कोळपणी) करायची तर ती घाई बरोबर. फवारणीला मात्र उलटं पडतं. बहुतेक औषधांना पानावर बसायला तीन-चार तास कोरडे मिळावे लागतात, त्याआधी सर आली की औषध धुऊन जमिनीत जातं. दोघांनी शनिवारी सकाळी आठला पंप पाठीवर घेतले आणि साडेदहाला पाऊस आला. एकरी दहा-बारा पंप, त्याचं औषध, फवारणाऱ्याची मजुरी, सगळं पाण्यात. वर तुडतुडे होते तिथेच.

त्या रात्री गटात जे झालं ते ठरल्यासारखं झालं. गुरुजींनी लिहिलं, “मराठीची पार वाट लावली या पोरांनी. शुद्ध लिहायला काय पैसे पडतात?” एका पोरानं उत्तर दिलं, “गुरुजी, सगळ्यायले समजलं, दोघायलेच नाई समजलं.” त्यावर एकानं हसण्याचं चित्र टाकलं आणि आगीत तेल पडलं. मग ज्याचं औषध वाहून गेलं होतं त्याचा संदेश आला: “तुमचं शुद्ध-अशुद्ध राहू द्या. माह्या बारा पंपाचं काय?”

आमच्या मते तिघांत नेमकं बोट त्याचंच पडलं. बाकी दोघं वेगळ्याच भांडणात होते.

ते भांडण नवं नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ साली एका तेरा वर्षांच्या मुलीनं सुट्टीवरचा निबंध एसएमएसच्या भाषेत लिहून दिला तेव्हा वर्तमानपत्रांतून गहजब झाला होता. न्यूझीलंडच्या परीक्षा मंडळानं २००६ मध्ये उलट भूमिका घेतली: विषय समजल्याचं उत्तरातून स्पष्ट दिसत असेल, तर लघुरूपं आहेत म्हणून गुण जाऊ नयेत. आपल्याकडे गोष्ट थोडी आणखी गुंतागुंतीची आहे, कारण इंग्रजीत फक्त शब्द आखूड झाला. मराठीत शब्द आखूड झाला, वर लिपीही बदलली.

रोमन लिपी धरण्यामागे आळस नव्हता, हिशेब होता. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला सोळा बिट, म्हणून फक्त ७०. एकाहत्तरावं चिन्ह आलं की दुसऱ्या संदेशाचे पैसे. त्यात बटणांचा फोन: ‘एस’ हवा तर सातचं बटण चार वेळा दाबा. अशा वेळी स्वर गाळणं हा शहाणपणा होता. ‘जेवण झालं का’ विचारायला ‘जे’ आणि त्यापुढे इंग्रजी एकचा आकडा लिहायची युक्ती त्याच काळातली, वाचायचं ‘जे-वन’. विदर्भात तर ती चपखलच बसली, कारण इथे तोंडी ‘जेवन’च म्हणतात.

आता हाच हिशेब व्हॉट्सॲपवर मांडून पाहा. ‘फवारणी करू नका’ हे देवनागरीत मोकळ्या जागा धरून १४ चिन्हांत होतं. तेच रोमनमध्ये सगळे स्वर देऊन लिहिलं तर १८ लागतात. मुलानं स्वर गाळून जे लिहिलं ते भरलं ११. म्हणजे पूर्ण, निःसंदिग्ध देवनागरीपेक्षा वाचली फक्त तीन चिन्हं, आणि व्हॉट्सॲपवर चिन्हांचे पैसेच नाहीत. कारण गेलं, सवय राहिली.

लघुरूपांची सवय मराठीला काही मोबाइलनं लावलेली नाही. पत्रावर ‘मु. पो. ता. जि.’ लिहिणारी, मजकुराच्या सुरुवातीला ‘सा. न. वि. वि.’ आणि शेवटी ‘ता. क.’ लिहिणारी पिढी अजून गटात आहे. चि., सौ., कै. यांवाचून लग्नपत्रिका छापत नाही, आणि सातबाराला पूर्ण नावानं कुणी हाक मारत नाही. पण या प्रत्येकाचा विस्तार एकच आहे. ‘ता. क.’ कुणी ‘ताक’ असं वाचत नाही. लघुरूप चांगलं की वाईट हे त्याच्या वयावर ठरू नये, विस्तार एक निघतो की चार निघतात यावर ठरावं. मुलाच्या ‘एन’चे चार निघाले.

ह्रस्व-दीर्घाबद्दलही तेच. १९५०च्या आसपासपर्यंत चाललेल्या मोडीत इकार-उकाराचा ह्रस्व-दीर्घ भेद पाळत नसत, आणि शतकानुशतकं वसुलीची, जमिनीची, वादांची कागदपत्रं त्याच लिपीत लिहिली गेली. आज आपण ज्याला शुद्धलेखन म्हणतो ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम: शासनानं १९६२ साली चौदा मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार, मिळून अठरा. गुरुजींच्या पिढीनं ते शाळेत घोटले, म्हणून त्यांना ते भाषेइतकेच जुने वाटतात.

तर गुरुजींच्या आग्रहावरून गटाच्या ॲडमिननं नियम लावला: इथे फक्त शुद्ध मराठीत, देवनागरीत लिहायचं. नियम तीन आठवडेही टिकला नाही. तो का मोडला हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण असा नियम लावण्याचा मोह पुष्कळ गटांना होतो.

पहिल्यांदा गप्प झाल्या बचत गटाच्या बाया. देवनागरी वाचायला त्यांना काहीच अडचण नव्हती, लिहायची म्हटलं की बोट रोमन कळफलकावरच चालायचं. त्यांनी आवाजी संदेश सुरू केले. ‘बुधवारी हप्ता आणा’ एवढं सांगायला दीड मिनिटाचा आवाज, आधी राम राम, मग सुनेची तब्येत, मग हप्ता. एसटीत बसलेल्या माणसाला तो ऐकता येत नाही, आणि आठ दिवसांनी ‘हप्ता’ शब्द शोधला तर सापडत नाही, कारण शोध फक्त लिहिलेल्यात चालतो.

पोरांनी दुसरा गट काढला. म्हणजे गावातले जे सगळ्यात आधी बातमी आणतात तेच निघून गेले.

गुरुजींनी स्वतः बोलून टाइप करायला सुरुवात केली. सोय चांगली आहे, मराठीत २०१७ पासून आहे, पण ती विरामचिन्हं स्वतःहून देईल असा भरवसा नाही आणि बोलीतला शब्द ओळखीचा नसला की जवळचा प्रमाण शब्द टाकून मोकळी होते. ‘वावरात’ म्हटलं की ‘वापरात’ उमटतं. गुरुजी पाठवण्याआधी वाचत नसत. पोरांना आयतंच मिळालं.

आणि सगळ्यात वाईट झालं ते एका काकूंच्या बाबतीत. कृषी केंद्रवाल्यानं खताच्या बॅगा आल्याचं टाकलं होतं. काकूंनी लेकाकडून कळफलक बदलून घेतला, दहा मिनिटं खटपट केली आणि देवनागरीत लिहिलं: “मले बी एक बॅग पायजे.” लगेच उत्तर आलं: “‘मला’ लिहा.” काकूंनी लेकाला विचारलं, “काय चुकलं रे माहं?” त्यानंतर त्या गटात दिसल्या नाहीत.

काय चुकलं होतं? खरं तर काहीच नाही. संदेशात कोण, काय, किती हे तिन्ही होतं. कोणत्या खताची बॅग एवढं विचारायचं राहिलं असतं, तर ते कुणी विचारलंच नाही. सुधारणा केली ती नेमकी त्या शब्दात, जो सगळ्यांना समजला होता.

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या गेल्या होत्या. त्या वेगळ्या काढल्याशिवाय गटाचा नियम करू नये, आणि शाळेत वह्याही तपासू नयेत.

एक गोष्ट म्हणजे वऱ्हाडी. ‘मले, तुले, घराले, लोकायले’ यात ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो तो चुकून नव्हे, दर वेळी येतो. ‘येऊन राहिला’ आणि ‘येतो’ यांत वऱ्हाडी माणूस कधी गोंधळत नाही. एक आत्ता चाललेलं, एक नेहमीचं. णचा न होतो, ळचा य होतो: पानी, डोया, काया. नियम आहे, अपवाद आहेत, म्हणजे व्याकरण आहे. ब्रिटिश काळात झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात या बोलीचे नमुने छापलेले आहेत. पूर्व विदर्भातली झाडी बोली आणखी वेगळी. १९५६ पर्यंत हा मुलूख आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि १९५० पासून मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर, कचेरीत हिंदी आणि मराठी दोन्ही. पुणेरी वळणाची प्रमाण मराठी इथे शाळेच्या पुस्तकातून आली. म्हणून ‘शुद्ध’ हा शब्द इथे जरा जास्त बोचतो. भाषेवर काम करणारे आता ‘शुद्धलेखन’ऐवजी ‘प्रमाणलेखन’ म्हणू लागले आहेत, त्यात शहाणपण आहे. आणि गुरुजींना सांगायचं तर, त्या अठरा नियमांतच एक असा आहे की पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला हरकत नाही. काकू गटात बोलतच होत्या.

दुसरी गोष्ट लेखनातली चूक. गटात सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे ‘पिक विमा’. पिक म्हणजे कोकिळ. वावरात उगवतं ते पीक, उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, ईकार दीर्घ. पण विभक्ती लागली की तोच ह्रस्व होतो: पीक, पण पिकाला, पिकांचा, पिकावर. म्हणून ‘पीक विमा’ आणि ‘पिकांचा विमा’ दोन्ही बरोबर. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, सगळे याच चालीवर. ‘आणी’ ही दुसरी. शेवटचा इकार दीर्घ लिहायचा या नियमाला ‘आणि’ अपवाद आहे. या चुका अर्जात, फलकावर, बातमीत दुरुस्त झाल्याच पाहिजेत. पण पिक विमा वाचून कोकिळेचा विमा काढायला आजवर कुणी गेलेलं नाही. गटात या चुकीनं काम अडत नाही, म्हणून चारचौघांत टोकण्याचं कारण नाही.

तिसरी गोष्ट गाळलेला मजकूर. बारा पंप याच गोष्टीनं वाहून गेले. यात स्वर येतात, ‘नका’चा का येतो, तारीख येते, एकक येतं. बोलीत लिहा नाहीतर पुणेरीत, यातलं एक गळलं की घोटाळा झालाच.

एककाचं उदाहरण घ्या. ‘२० मिली टाका.’ कशाला? शिफारशी बहुधा १० लिटर पाण्याला दिलेल्या असतात आणि पाठीवरचा पंप असतो १५ किंवा १६ लिटरचा. १० लिटरला २० मिली असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० होतात. एकानं पंपाला २० टाकले तर औषध कमी पडून कीड राहते. ज्यानं शिफारस पंपासाठीची असताना ती दहा लिटरची समजून दीडपट केली, तो जास्त विष अंगावर घेतो. २०१७च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याची कारणं पुष्कळ होती आणि ती संदेशांच्या भाषेत शोधायची नाहीत. पण ज्या गावानं ते वर्ष पाहिलं, तिथे औषधाच्या मात्रेच्या संदेशात एक अक्षर गाळायलाही हात धजू नये.

अंकांचं आणखी एक. देवनागरी १ पोरांना घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि ४ इंग्रजी आठसारखा. एकाच संदेशात दोन्ही जातीचे अंक मिसळले की फसगत पक्की. दशांशाचा टिंब तर तुटक्या काचेच्या फोनवर दिसतच नाही. अडीचचे पंचवीस होतात.

दुसऱ्या खेपेला गटानं जी व्यवस्था केली ती अशी. गप्पा, शुभेच्छा, चौकशा, विनोद, भाव काय निघाला, या सगळ्याला कोणताही नियम नाही. वऱ्हाडी, रोमन, चित्रं, काहीही चालेल, आणि कुणी कुणाची भाषा सुधारायची नाही. मात्र ज्या संदेशावरून कुणीतरी काही करणार आहे किंवा करायचं थांबणार आहे, तो ‘सूचना’. सूचनेची पहिली ओळ ‘सूचना’ या शब्दानंच सुरू होते, म्हणजे पुढे शोधली तर सापडते. रोमनमध्ये एका फवारणीची पाच स्पेलिंगं असतात, शोधणाऱ्याला कोणतं आठवणार?

सूचनेत क्रियापद आधी येतं. ‘पावसाची शक्यता असल्याने फवारणीची कामे’ अशी लांबण लावली की वाचणारा क्रियापदापर्यंत पोचतच नाही, आणि मराठीत नकार तर अगदी शेवटी बसलेला असतो. म्हणून नकार दोनदा, दोन वेगळ्या शब्दांत:

“सूचना. फवारणी थांबवा. शनिवार २ ऑगस्ट आणि रविवार ३ ऑगस्ट, दोन्ही दिवस फवारणी करू नका. पावसाचा अंदाज आहे. सोमवारी सकाळी पुन्हा कळवू. विचारायचं असेल तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना फोन करा.”

‘नका’ चुकून ‘न’ झाला तरी ‘थांबवा’ वाचवतो. सूचनेत वार आणि तारीख दोन्ही हवेत, कारण चुकीची तारीख वारावरून पकडता येते. ‘उद्या’ला बंदी, कारण पुढे पाठवलेल्या संदेशावर मूळ तारीख दिसत नाही, शुक्रवारचा ‘उद्या’ रविवारी शेजारच्या गावात पोचला की सोमवार होतो. मात्रा असेल तर औषधाचं बाटलीवरचं पूर्ण नाव, किती, कशाला: ‘१० लिटर पाण्याला २० मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली’. अपूर्णांक अक्षरांतही: २.५ (अडीच). पाठवून झाल्यावर चूक दिसली तर पंधरा मिनिटांच्या आत संदेश दुरुस्त करता येतो, त्यानंतर नवी सूचना लिहावी आणि तिच्यात ‘आधीची चुकीची’ असं म्हणावं. ॲडमिन सूचना वर टाचून ठेवतो: २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस, यांतलं पाहिजे ते निवडता येतं.

आणि सूचनेला अंगठा चालत नाही. अंगठा म्हणजे वाचलं, पटलं, की नुसतंच पाहिलं? उत्तर शब्दात द्यायचं, ‘थांबलो’ किंवा ‘थांबून रायलो’, काहीही. दोघांनी ‘करून घेतो’ असं उत्तर दिलं असतं, तर गडबड शुक्रवारी रात्रीच उघडी पडली असती.

कळफलकाचं काम अर्ध्या तासात होतं, पण कुणीतरी शेजारी बसून करून द्यावं लागतं. गूगलच्या कळफलकात भाषांच्या यादीतून मराठी जोडली की पर्याय मिळतात: थेट देवनागरी अक्षरं, रोमन टाइप करून देवनागरी उमटवणं, बोटानं लिहिणं. रोमनची सवय असलेल्यांना दुसरा पर्याय बरा. मात्र तिथे स्वर गाळायची सवय आडवी येते. स्वर न देता फवारणी लिहिली तर यंत्र जोडाक्षरांचा भलताच गुंता करून देतं, आणि माणूस ‘हे आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देतो. पहिले चार दिवस सगळे स्वर ठोकायचे, आणि वरच्या पट्टीत दोन-तीन शब्द येतात त्यांतला बरोबर तो बोटानं निवडायचा. पाणी की पानी, काल की काळ हे तिथेच ठरतं. रोमनमध्ये काल, काळ आणि कळ एकाच स्पेलिंगात राहतात हे त्या पट्टीकडे पाहूनच पुष्कळांच्या पहिल्यांदा लक्षात येतं. ‘मले’ लिहिताना पट्टीत ‘मला’ पुढे पुढे करतं. तो शब्द दोन-चारदा तसाच ठेवला की यंत्र शिकतं.

बोलून टाइप करणाऱ्यांना एकच अट: पाठवण्याआधी मोठ्यानं वाचायचं. गुरुजींनी ती मान्य केली, थोडी कुरकुर करून.

शाळेतही यातून एक तास झाला. फळ्यावर चार रकाने: मित्राला, गटात, सहायक कृषी अधिकाऱ्यांना, तहसीलदारांना अर्ज. मजकूर एकच, ‘पावसानं सोयाबीन बुडालं’. मुलांनी तो चार तऱ्हांनी लिहायचा. मित्राचा रकाना पाच मिनिटांत भरतो आणि वर्ग हसतो. अर्जाच्या रकान्याला बाकीचा तास जातो, कारण तिथे जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, तारीख लागते आणि ते कुणाला पाठ नसतं. भाषा नंतर अडते. एक गोष्ट मात्र शिक्षकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावी. ‘शुद्ध लिहा’ म्हटलं की इथली मुलं घाबरून सगळीकडे ण पेरतात: मनचं मण, जनचं जण. न-ण चुकतो म्हणून आयुष्यभर टोकलेल्या मुलाची ही खूण आहे, आणि आणखी टोकल्यानं ती जात नाही. पाणी, कोण, जेवण, लोणी अशी घरातली वीस शब्दांची यादी भिंतीवर लावली तर जाते.

काकू परत आल्या, पण लिहीत नाहीत, लेक लिहितो. पोरांचा दुसरा गट चालूच आहे, तिथे अजून ‘के-आर-यू’ आणि एकटा ‘एन’ असतो, आणि चौघं एका पारावर बसणारे असल्यामुळे तो तिथे कुणाला चुकत नाही.

नव्या व्यवस्थेतली पहिली चूक कुणाकडून झाली हेही नोंदवायला हवं. संदेश देवनागरीत होता, व्याकरण चोख, विरामचिन्हं जागेवर: “परवा सकाळी ठीक दहा वाजता ग्रामसभेचे आयोजन करण्यात आले आहे, तरी सर्वांनी उपस्थित राहावे.” मराठीत परवा दोन बाजूंनी जातो, गेलेलाही आणि येणाराही. येणाराच धरला, तरी कुणाच्या दिवसापासून मोजायचा? संदेश तीन दिवस गावात फिरत राहिला. काही माणसं गुरुवारी येऊन गेली, काही शुक्रवारी. शेवटी त्याच अकरावीतल्या मुलानं बापाच्या फोनवरून विचारलं, “कोनता परवा, गुरुजी? वार सांगा ना.”

बराच वेळ गुरुजी टाइप करत असल्याचं दिसत राहिलं. मग उत्तर आलं: “सूचना. शुक्रवार.” तारीख पुन्हा राहिली होती.